दांडी थांबेपर्यंत

वाडीच्या धर्मकाट्यावर देवराव ठवकर बावीस वर्षं नोकरीला होते, आणि त्या बावीस वर्षांत काम चालू असताना त्यांनी एकदाच मान वर केली. ती केली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांचं मत होतं. बाकी त्यांना मतं फारशी नव्हती.

काट्याचा नियम असा. अमरावती रोडवरून ट्रक येऊन लोखंडी फलाटावर उभा राहिला, की खिडकीपाशी बसलेल्या माणसानं पितळी दांडीवरचं वजन हळूहळू सरकवत न्यायचं. दांडी वरखाली डुलत राहते. ती थांबेपर्यंत तिच्यावरची नजर काढायची नाही, कोणाशी बोलायचं नाही. थांबली की आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि पावतीवर लिहायचा. नजर हलली की हात हलतो, आणि हात हलला की अर्धा क्विंटल इकडचा तिकडे होतो. घराले आग लागली तरी काट्यावाला दांडी थांबेपर्यंत बादली उचलत नाही, असं वाडीतले ड्रायव्हर म्हणत. देवरावांना ती आपली स्तुती वाटे.

सन बहात्तरच्या फाल्गुनात, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांच्या खिडकीसमोर बारा हातांवर महादेवराव भोयरांना भोसकून मारलं. महादेवराव शेजारच्या धान्याच्या गोदामावर कारकून होते. गोदामातली रेशनची साखर कोणत्या ट्रकमधून कुठं जाते, हे त्यांनी पोलिसांना नंबरासकट कळवलं होतं. ट्रक भैयाजीचे होते. भैयाजीला आडनाव होतं, पण ते उच्चारायची पद्धत नव्हती.

महादेवराव ओरडले आणि देवरावांनी मान वर केली. त्यांना भैयाजी दिसला, सुरा दिसला, आणि महादेवराव दिसले. महादेवरावांनाही ते दिसले. भैयाजीनंही खिडकीकडे एकदा पाहून घेतलं. मग देवरावांनी मान खाली घातली, दांडी थांबू दिली, आणि पावतीवर नऊ टन चारशे ऐंशी असं लिहिलं. आकडा बरोबर होता. पोलिसांनी नंतर तो ट्रक पुन्हा मोजून पाहिला.

त्या वेळी काट्याजवळ असायला हवी होती अशी चौदा माणसं चौकशीत चहा प्यायला गेलेली निघाली. सगळी एकाच टपरीवर. टपरीवाल्याकडे कप सहा होते.

राहिले देवराव. खटला उभा राहण्याआधी एक माणूस त्यांच्या घरी आला, त्यांच्या बायकोला, सुमतीला, पाणी मागितलं, आणि अंगणात खेळणाऱ्या दोन्ही पोरींची नावं विचारून गेला. नावं छान आहेत म्हणाला. कोर्टात देवराव म्हणाले, "दांडी हलत होती. मी वर पाहिलं नाही." बचावाच्या वकिलानं ड्रायव्हरांची ती म्हण न्यायाधीशांना ऐकवली. न्यायाधीश हसले. भैयाजी सुटला.

महादेवरावांची बायको प्रयागबाई मूळची पारशिवनीची. खटल्याआधी देवरावांचं दर रविवारचं जेवण तिच्याच हातचं असे. खटल्यानंतर तिनं वाडीतच दोन खोल्यांत ड्रायव्हरांसाठी खानावळ काढली, आणि देवरावांशी बोलणं बंद केलं. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. रस्त्यात दिसले तर जिथं पाहत होती तिथंच पाहत पुढं जायची. काट्यावालीच व्हायची ती, नजर अशी पक्की.

भाद्रपदातल्या पितृपक्षात आपल्याकडे घरच्या मेलेल्या माणसाच्या तिथीला कोणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. त्याला पाटावर बसवायचं, आधी पाय धुवायचे, आणि मेलेल्या माणसाला जे आवडे ते वाढायचं. तेवढा वेळ तोच तो. महादेवरावांचा पितर म्हणून देवरावांनी, त्यांच्या जिवाभावाच्या मित्रानं, बसावं, हे कोणीही सांगितलं असतं. प्रयागबाई दरवर्षी पारशिवनीहून आपल्या चुलतभावाला, नानाजीला, बोलावी. नानाजी एसटीनं यायचा, जेवायचा आणि झोपून जायचा. देवराव ड्यूटीवर जाताना तिच्या कौलावर कावळ्यासाठी ठेवलेली पत्रावळ पाहत. अशा आठ पत्रावळी त्यांनी पाहिल्या.  त्या दिवशी डबा उघडायचं राहून जाई.

एक्क्याऐंशी सालच्या जानेवारीत बंबईहून सिनेमावाले आले.

डायरेक्टर दाढीवाला, बारीक, सतत थंडी वाजणारा माणूस होता. त्यानं खटल्याचे कागद वाचले होते आणि त्यावर 'साढ़े नौ टन' नावाचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं. जिथं घडलं तिथंच घ्यायचं, असा त्याचा हट्ट. भैयाजीचं काम करायला रविंद्रबाबू नावाचा नट आणला होता. पडद्यावर त्यानं तोवर साठेक माणसं मारली होती, आणि त्याला ॲसिडिटी होती. दोन खुनांमध्ये तो थंड दूध प्यायचा. महादेवरावांच्या कामाला नागपुरातले बाबाराव घेतले. बाबारावांना नाट्यस्पर्धेत मरण्यासाठी रौप्यपदक मिळालेलं होतं. तालमीत त्यांना मरायला पावणेदोन मिनिटं लागली. खरे महादेवराव लवकर गेले होते, पण ते कोणी विचारलं नाही.

काट्यावाल्याच्या कामाला आणलेल्या नटाला मात्र दांडी सांभाळता येईना. दोन दिवसांत त्यानं एका रिकाम्या ट्रकचं वजन चौदा टन भरवलं. शेवटी डायरेक्टर काट्याच्या मालकाकडे गेला, आणि मालक देवरावांकडे आले.

"जा गा देवराव. तुले तर फक्त बसायचंच आहे."

"जी."

घरी सुमती म्हणाली, "काहून जाता तुम्ही? सारी वाडी पाहीन."

"मालकानं सांगतलं."

हे खरं होतं, पण पुरतं नव्हतं. डायरेक्टरनं त्यांना प्रसंग समजावला तेव्हा देवरावांना नऊ वर्षांत पहिल्यांदा काहीतरी सुचलं होतं. सिनेमात काट्यावाला किंकाळी ऐकतो, मान वर करतो, सगळं पाहतो. आणि मग कोर्टात घाबरून खोटं बोलतो. डायरेक्टरनं हे नुसतं डोक्यातून काढलं होतं, कागदात तसं कुठंच नव्हतं. पण होतं ते तसंच. देवरावांनी मनाशी हिशेब मांडला तो असा: आपण कॅमेऱ्यासमोर मान वर करू. वाडी पाहील, प्रयागबाई पाहील. तोंडानं सांगायची तर आपली छाती नाही. पडदाच सांगेल. मग तिनं थुंकायचं तर थुंकावं. निदान तोंडाकडं पाहून थुंकेल.

शूटिंगच्या दिवशी भैयाजी आला. म्हणजे खरा. ट्रक त्याचेच भाड्यानं घेतले होते, जनरेटरची गाडीही त्याची. मधल्या काळात तो नवरात्र मंडळाचा अध्यक्ष झाला होता आणि चष्मा लागला होता. त्याला वेताची खुर्ची दिली. ती कॅमेऱ्याच्या शेजारी, देवरावांच्या खिडकीच्या बरोबर समोर पडली.

रविंद्रबाबू सुरा घेऊन तालीम करत होता. भैयाजी थोडा वेळ पाहत राहिला, मग खाकरला.

"असा नाही धरत जी."

रविंद्रबाबूनं आदरानं विचारलं, "फिर कैसे?"

"मले काय मालूम? मी थोडीच होतो तिथं. कोर्टानं सांगतलं नं." भैयाजीनं चष्मा पुसला. "पण ज्यानं कोणी केलं असंल, त्यानं खालून वर आणला असंल. तुम्ही वरून आणून राहिले. वरून बरगडी लागते."

रविंद्रबाबूनं त्याच्या पायाला हात लावला आणि खालून वर आणून पाहिला. भैयाजी म्हणाला, हां, आता पहा.

डायरेक्टर खिडकीपाशी येऊन देवरावांना म्हणाला, "आवाज आला की वर बघायचं. इथं भीती दिसली पाहिजे, डोळ्यांत. समजलं ना?"

"समजलं."

ट्रक आणून फलाटावर लावला. माल खराच भरलेला होता; डायरेक्टरला खोटं वजन चालत नव्हतं. देवरावांनी दांडीवरचं वजन सरकवायला घेतलं. सगळीकडे शांतता झाली, कोणीतरी लाकडाची पट्टी आपटली, आणि बाबाराव ओरडले. चांगले ओरडले. पदक उगाच नव्हतं.

दांडी डुलत होती.

देवरावांना ती एवढीच दिसत होती. आत्ता वर पाहायचं, हे त्यांना ठाऊक होतं. वर पाहिलं की आधी कोण दिसेल, हेही ठाऊक होतं. त्याची खुर्ची बरोबर समोर होती. मान म्हणजे कोणा दुसऱ्याची वस्तू असावी तशी जागच्या जागी राहिली. बाहेर बाबाराव मरत होते. एकदा पडले, उठले, पुन्हा पडले. दांडी हळू झाली, अजून हळू झाली, आणि थांबली.

"नऊ टन पाचशे दहा," देवराव मोठ्यानं म्हणाले, आणि त्यांनी पावतीवर लिहिलं.

कट म्हणायला डायरेक्टर विसरला. मग म्हणाला. खिडकीपाशी आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"साहेब, चुकलं," देवराव म्हणाले. "अजून एक डाव घ्या. मी वर पाहतो."

"हात लावणार नाही मी याला."

"तुम्हीच म्हणले होते, वर पाहा म्हणून."

"मी मूर्ख होतो. त्यानं पाहिलंच नाही. समोर माणूस मरतो आणि हा वजन लिहितो. हीच खरी गोष्ट आहे, आणि मी ती सगळी उलटी लिहिली होती."

आपण होऊन पुन्हा घ्या म्हणणारा त्या सिनेमातला तो एकटाच नट, आणि नेमकं त्यालाच नाही म्हटलं गेलं. रविंद्रबाबूचा खून चौदा वेळा घेतला.

त्याच रात्री कोर्टाचा प्रसंग नव्यानं लिहिला गेला. आता सिनेमातला काट्यावाला खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका शाळेत टेबलं लावून कोर्ट उभं केलं, आणि देवराव पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "दांडी हलत होती. मी वर पाहिलं नाही." नऊ वेळा म्हणाले. खऱ्या कोर्टात एकदा म्हणून भागलं होतं.

सामान आवरत होते तेव्हा भैयाजी त्यांच्याजवळ आला. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यानं देवरावांच्या खांद्यावरची खडूची धूळ झटकली.

"तो बंबईवाला जरा जास्तच करते," तो म्हणाला. "तू मात्र बेस केलं गा. त्या दिवशी तुनं मान वर केली होती. काल नाही केली. शिकला."

देवराव म्हणाले, "जी."



सिनेमा त्याच वर्षी भाद्रपदात लागला, सीताबर्डीच्या एका टॉकीजमध्ये. शुक्रवारच्या बाराच्या खेळाला निम्मी वाडी लोटली. ट्रक उभे करून ड्रायव्हर आले. पडद्यावर धर्मकाटा दिसला तशा शिट्ट्या पडल्या. टपरी दिसली तेव्हा टपरीवाला उभा राहिला आणि लोकांनी त्याला खाली बसवलं. देवराव मागं कोपऱ्यात होते. पुढं सहा रांगा सोडून त्यांना प्रयागबाईचा पांढरा पदर दिसत होता. शेजारी नानाजी होता. तो जाहिराती चालू असतानाच झोपला होता.

रविंद्रबाबूनं काम चांगलं केलं होतं. भैयाजी बसतो तसा बसला, चष्मा पुसतो तसा पुसला. खऱ्या भैयाजीला त्या काळी चष्मा नव्हता, पण लोकांना तो आता असाच आठवत होता. सुरा खालून वर आला. बाबाराव मरायला लागले आणि सगळी टॉकीज गप्प झाली. कॅमेरा मात्र त्यांच्याकडे नव्हताच. तो खिडकीत होता, देवरावांच्या चेहऱ्यावर. तो चेहरा टॉकीजभर पसरला होता. त्यावर काही नव्हतं. डोळे दांडीबरोबर वर जात होते, खाली येत होते.

कोणीतरी ड्रायव्हर अंधारात हळूच म्हणाला, "पाहा बे. मान हललीच नाही याची."

"सांगून तं राहिला होता बिचारा कोर्टात," दुसरा म्हणाला.

पांढरा पदर हलला नाही. देवराव बाकीचा सिनेमा त्या पदराकडेच पाहत बसले. शेवटी काय होतं ते त्यांना नंतर लोकांकडून कळलं. भैयाजी सुटतो.

खेळ सुटल्यावर प्रयागबाई पायऱ्यांपाशी थांबली होती. लोक तिच्या दोन्ही बाजूंनी जात होते. देवराव आले तशी तिनं त्यांच्याकडे पाहिलं. सरळ, तोंडाकडे.

"भाऊजी."

"जी वहिनी."

"पुढच्या शनिवारी यांची नवमी आहे. तुम्ही पितर बसजा. अकराले येजा."

एवढं बोलून तिनं नानाजीला खांद्याला धरून रिक्षाकडं नेलं. देवराव वाडीला पायी आले. सात मैल होतात.

मधल्या आठवड्यात पेपरात परीक्षण आलं. मालकांनी ते कापून काट्याच्या खिडकीत चिकटवलं. रविंद्रबाबूच्या अभिनयात 'दाहकता' होती, बाबारावांच्या अभिनयात 'रंगभूमीचा संस्कार' होता. 'काट्यावाल्याच्या भूमिकेतील अनाम इसमाचा अभिनय,' असं पुढं लिहिलं होतं, 'हा अभिनय वाटतच नाही.' सुमतीनं ते तीनदा वाचलं आणि अनाम म्हणजे काय ते विचारलं.

शुक्रवारी ती म्हणाली, "नाही म्हणून सांगा. तब्येत बरी नाही म्हणा."

"पितराले बोलावलं तर नाही म्हणता येत नाही."

"मंग जाऊन काय करता?"

"सांगतो."

सुमतीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या धोतराला इस्त्री करायला बसली.

शनिवारी अकराला ते गेले. खानावळ त्या दिवशी बंद होती. प्रयागबाईनं अंगणात त्यांचे पाय धुतले, पदरानं पुसले, कपाळाला गंध लावलं. आतल्या खोलीत पाट मांडला होता, समोर केळीचं पान. भिंतीवर महादेवरावांचा फोटो, त्याला झेंडूची माळ. नानाजीला बाहेरच्या खोलीत बसवलं होतं. आठ वर्षांची गादी गेल्यामुळं तो जरा नाराज होता. पानावर खीर आली, कोहळ्याची भाजी आली, अळूची भाजी आली, कढी आली. शेवटी उडदाचे वडे.

देवराव पाटावर बसले. पानाभोवती पाणी फिरवलं. हात पानात न घालता तसाच धरून ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले. "मी वर पाहिलं होतं."

प्रयागबाई वडे वाढत होती. तिनं हातातला वडा पानावर ठेवला.

"कवा?"

"त्या दिवशी. महादेवराव ओरडले तवा. मले भैयाजी दिसला. सारं दिसलं. महादेवरावांनी बी माह्याकडं पाहिलं."

बाहेरच्या खोलीत नानाजीनं कूस बदलली. खाट करकरली.

"काहीतरीच नका बोलू भाऊजी. मी सोताच्या डोळ्यानं पाहिलं नं. एवढं मोठ्ठं तोंड होतं तुमचं. तुमची मान हललीच नाही."

"ते सोंग होतं वहिनी."

"सोंग असं नसते. सोंग तं त्या बाबारावानं केलं. पेपरात बी आलं, म्हणते, तुमचं सोंग वाटतच नाही म्हणून."

"खरं सांगून राहिलो मी."

ती त्यांच्या समोर खाली बसली. हातातलं वड्यांचं ताट मांडीवर ठेवलं. बोलली तेव्हा आवाज वर गेला नाही, खालीही गेला नाही.

"आठ वर्षं मी तुमच्या घराकडं पाठ करून चूल पेटवली. दार त्या बाजूले होतं ते बुजवलं. सिनेमा पाहून आली अन् त्या रात्री मले झोप लागली. सकाळी उठवाले लागलं नानाजीले. उठली अन् ते दार फोडून मोकळं केलं." तिनं ताटातल्या वड्यांकडे पाहिलं. "आता तुम्ही म्हणता दार पुन्हा बुजव. विटा कोण आणीन?"

देवरावांनी पुन्हा तोंड उघडलं.

"पितर जेवताना बोलत नसते भाऊजी," प्रयागबाई म्हणाली. "जेवा."

त्यांनी खिरीत बोट बुडवलं. मग वडा मोडला. चव कळत नव्हती, पण वडे चांगले असणार; तिचे नेहमीच चांगले असत. दोन झाल्यावर तिनं तिसरा वाढला, तीन झाल्यावर चौथा. पाचव्याला देवरावांनी पानावर हात आडवा धरला.

"यांले सहा लागत," ती म्हणाली, आणि बोटांच्या फटीतून वाढला.

देवरावांनी हात काढून घेतला. सहावा वडा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.